खात्याच्या हवाली पाच पक्षी

सरकार जेव्हा एखादी जीवजात वाचवण्यासाठी पगारी माणूस नेमते, तेव्हा त्या नेमणुकीत एक विसंगती बहुधा आधीच दडलेली असते. ती अशी की, ज्या संकटातून त्या जीवाला सोडवायचे ते त्याच सरकारच्या दुसऱ्या एखाद्या खात्याने, रीतसर मंजुरीने आणि रयतेच्या पैशाने, पूर्वी कधीतरी ओढवून आणलेले असते. या विसंगतीचा जितका स्पष्ट इतिहास न्यूझीलंडच्या दफ्तरात सापडतो तितका अन्यत्र क्वचितच सापडावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतवाल्यांनी आणलेल्या सशांनी मेंढ्यांची कुरणे फस्त करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सरकारने 1884च्या सुमारास विलायतेहून स्टोट, फेरेट आणि वीझल हे मुंगसासारखे चपळ, लांबोडके मांसाहारी प्राणी मागवून रानात सोडले. पक्ष्यांचे जाणकार आधीपासून बजावत होते की, हे प्राणी सशांमागे धावण्यापूर्वी जमिनीवर घरटी करणाऱ्या, उडण्याची सवय मोडलेल्या देशी पक्ष्यांचा फडशा पाडतील. त्यांचे कोणी ऐकले नाही, आणि पुढे झाले ते त्यांनी सांगितले होते तसेच झाले.

मग त्याच सरकारने 1891 मध्ये देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, डस्की साउंड या निर्जन खाडीतले रेझोल्यूशन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले आणि 1894 मध्ये रिचर्ड हेन्री नावाच्या, शाळेपेक्षा रानात अधिक शिकलेल्या गृहस्थाची तेथे रखवालदार म्हणून नेमणूक केली. वन्यजीव-अधिकारी हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. तथापि आज त्या हुद्द्याचा माणूस जे काही करतो त्याचा बराचसा भाग हेन्रीने त्या पावसाळी खाडीत, एका वल्ह्याच्या होडीच्या आधाराने करून ठेवला होता. तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने तो मुख्य भूमीवरचे काकापो, म्हणजे न उडणारे, रात्री हिंडणारे थोराड पोपट, आणि किवी हुडकून काढी, पिंजऱ्यात घालून होडीतून बेटावर नेऊन सोडी, आणि त्यांच्या सवयींविषयी निरीक्षणे लिहून खात्याकडे अहवाल धाडी. असे पाचशेहून अधिक पक्षी त्याने हलवले. 1900 साली बेटावर स्टोटसारखा प्राणी दिसल्याची वार्ता आली, पुढे हेन्रीच्या स्वतःच्याही दृष्टीस तो पडला, आणि मधली चिंचोळी खाडी हे जनावर पोहून येऊ शकते हे उघड झाल्याबरोबर इतक्या वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरले. हेन्री 1908 मध्ये तेथून निघाला. त्याचा उपाय चुकीचा नव्हता, बेट चुकीचे होते. आणि ही गोष्ट त्याच्यानंतरच्या लोकांना पुरतेपणी उमगायला अर्धे शतक जावे लागले.

ती उमगली 1964 मध्ये, आणि तीही फार मोठी किंमत मोजून. स्ट्यूअर्ट बेटाच्या नैर्ऋत्येस बिग साउथ केप नावाचे बेट आहे. समुद्रपक्ष्यांची पिल्ले धरण्याच्या हंगामात तेथे जाणाऱ्या होड्यांमधून उंदीर उतरले आणि थोड्याच अवधीत त्यांची पैदास अशी वाढली की झोपड्यांतल्या भिंतींवरचा कागदही शिल्लक राहीना. सरकारच्या वन्यजीव सेवेचे ब्रायन बेल आणि त्यांचा तरुण सहकारी डॉन मर्टन यांना पक्षी तातडीने हलवायचे होते. परंतु उंदरांमुळे पक्ष्यांच्या जाती नष्ट होतात याला पुरावा काय, आणि आधी पाहणी करून मगच हस्तक्षेप का करू नये, असा आक्षेप जाणत्या शास्त्रज्ञांपैकी काहींनी घेतला. शास्त्राच्या दृष्टीने तो आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही. मात्र उंदीर काही अहवालाची वाट पाहत थांबले नाहीत. अखेर परवानगी मिळून माणसे पोहोचली तेव्हा 36 सॅडलबॅक पक्षी धरून त्यांना दोन उंदीररहित बेटांवर नेता आले, आणि दक्षिण बेटाच्या सॅडलबॅकचा आज जो काही विस्तार आहे तो सगळा त्या 36 जणांचा वंश आहे. पाणलाव्याच्या जातीतले पकडलेले दोन पक्षी कैदेत दगावले. झुडपी रेनचे सहा पक्षी दुसऱ्या बेटावर नेले, परंतु 1972 नंतर ती जात कोणाला दिसली नाही. आणि मोठ्या वटवाघळाची एक जात त्या बेटाबरोबरच गेली. सारांश, पुरावा मिळाला. परंतु ज्यांच्यासाठी तो हवा होता त्यांपैकी तिघांना त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

विद्यापीठातला शास्त्रज्ञ आणि सरकारी खात्यातला शास्त्रज्ञ यांच्यातला भेद मला येथे दिसतो. पहिल्याला अनिश्चिततेत थांबण्याची मुभा असते, किंबहुना तेच त्याचे कर्तव्य असते. दुसऱ्याला मात्र अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या रकमेत आणि वरिष्ठांच्या अर्धवट संमतीने निर्णय घ्यावा लागतो, आणि थांबणे हादेखील त्याच्या बाबतीत एक निर्णयच ठरतो, ज्याचा जाब पुढे त्यालाच विचारला जातो.

मर्टनचा जन्म 1939 चा. गिझबर्नजवळच्या ग्रामीण भागात तो वाढला. आजीच्या कॅनरी पक्ष्याच्या घरट्यात गोल्डफिंचची पिल्ले ठेवून ती कॅनरीने वाढवल्याचा प्रयोग त्याने आणि त्याच्या भावांनी लहानपणी केला होता, अशी त्याच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका आहे. बालपणीचे खेळ मोठेपणी कामास येतात असे सांगणाऱ्या चरित्रकथांकडे मी एरवी संशयानेच पाहतो. या गोष्टीपुरता मात्र तो संशय बाजूला ठेवणे भाग पडते, कारण चाळिशीत त्याने नेमका तोच खेळ एका अख्ख्या जातीच्या जिवावर खेळून दाखवला. 1957 मध्ये तो वन्यजीव सेवेत उमेदवार म्हणून दाखल झाला. ही सेवा तेव्हा अंतर्गत व्यवहार खात्याच्या अखत्यारीत होती. म्हणजे ज्या कचेरीत नागरिकत्वाच्या नोंदी होत त्याच कचेरीच्या अंदाजपत्रकात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांचीही तरतूद असे.

न्यूझीलंडच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम द्वीपसमूह आहे. मर्टनने ज्या जातीच्या जिवावर तो खेळ खेळला ती तेथलीच. हा काळा रॉबिन पक्षी आपल्याकडच्या चिरकाहून थोडा लहान, नखशिखांत काळा, वजनाला जेमतेम 22 ते 25 ग्रॅम, आणि माणसाला न बुजणारा. मांजरांनी त्याला मँगेरे बेटावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुसकले, आणि मग लिटल मँगेरे नावाच्या, चहूबाजूंनी ताशीव कडे असलेल्या खडकाच्या माथ्यावरील काही हेक्टर झाडीत तो कसाबसा तगून राहिला. 1938 मध्ये चार्ल्स फ्लेमिंग आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला तेथे पुन्हा शोधून काढले. पुढे ती झाडीही खचू लागली. हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी केलेली साफसफाई हे त्याचे एक कारण सांगितले जाते. 1976 मध्ये मोजदाद केली तेव्हा सातच पक्षी हाती लागले आणि त्यांतल्या माद्या दोनच होत्या.

म्हणून त्यांना तेथून हलवायचे ठरले. जाळ्यात धरलेले पक्षी लहान पेट्यांत घालून, पेट्या पाठीला बांधून त्या कड्यावरून उतरवायचे आणि होडीने मँगेरेवर पोहोचवायचे, असे हे काम होते. मँगेरेवरची मांजरे तोवर नामशेष झाली होती, मेंढ्या हलवल्या होत्या आणि अकेआके झाडांची लाखाहून अधिक रोपे लावली जात होती. पण रोपांचे रान व्हायला वर्षे लागतात आणि पक्ष्यांपाशी तेवढी वर्षे नव्हती. 1980 मध्ये पाच उरले. त्या पाचांत पिल्ले वाढवू शकणारी मादी अवघी एक होती, आणि ती पायातल्या निळ्या कडीवरून ओल्ड ब्लू म्हणून ओळखली जाई. या जातीचे पक्षी सामान्यतः जितके जगतात त्यापेक्षा तिचे वय आधीच पुष्कळ अधिक झाले होते. तिने आपला पूर्वीचा जोडीदार सोडून पिवळ्या कडीच्या नराशी, ओल्ड यलोशी, संसार मांडला होता, आणि आज जगात जे काळे रॉबिन आहेत ते सगळे या एकाच जोडप्याची संतती आहेत.

येथे मर्टनने तो जुना खेळ काढला. ही मादी हंगामात एकदा, बहुधा दोनच अंडी घालते. ती नाहीशी झाली तर मात्र पुन्हा घरटे बांधून पुन्हा घालते. म्हणून तिची पहिली अंडी काढून घ्यायची, ती दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात उबवायला ठेवायची आणि तिला दुसऱ्या विणीला मोकळे करायचे, असा हा बेत होता. जी मादी गेली तर सारी जातच जाते, तिची अंडी हातात घेण्याची मंजुरी मागताना वरिष्ठांसमोर काय काय मांडावे लागले असेल, याची कल्पना ज्यांनी कधी सरकारी फायलीवर शेरा मिळवला आहे त्यांना सहज करता येईल. प्रथम चॅटमच्या वटवट्याच्या घरट्यात अंडी ठेवली. त्या चिमुकल्या पक्ष्याने ती उबवली, पण पिल्ले काही दिवसांची झाल्यावर त्यांची भूक त्याला पुरवेना. मग जवळच्या रांगाटिरा बेटावरच्या टॉमटिटकडे वळायचे ठरले. टॉमटिट हा रॉबिनचाच नातलग आणि आकारानेही जवळचा. परंतु मध्ये खवळलेला समुद्र होता, आणि अंडी उबदार पेटीत सांभाळत होडीतून तो ओलांडायचा होता. टॉमटिटांनी रॉबिनची पिल्ले अखेरपर्यंत वाढवली.

तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. टॉमटिटच्या हाताखाली वाढलेले रॉबिन टॉमटिटसारखे गाऊ लागले आणि आपल्या जातीच्या मादीकडे पाठ फिरवून टॉमटिटशी जोडी जुळवण्याचा प्रयत्न करू लागले. शरीराने वाचलेली जात स्वभावाने परकी होण्याचा हा धोका होता. त्यावर तोड अशी निघाली की, पिल्ले घरट्याबाहेर पडण्यापूर्वीच ती रॉबिनच्या घरट्यात परत आणून ठेवायची, म्हणजे भूक टॉमटिटने भागवली तरी संस्कार आपल्या माणसांचे व्हायचे. पुन्हा घरटी पाहणे, पुन्हा झाडावर चढणे, पुन्हा वेळेचा हिशेब. या साऱ्या खटाटोपात सिद्धांत थोडा आणि घड्याळ पुष्कळ होते.

ओल्ड ब्लू 1983 च्या अखेरीस दिसेनाशी झाली. तेव्हा ती तेरा वर्षांहून अधिक वयाची होती. तिच्या निधनाची वार्ता सरकारने अधिकृतपणे जाहीर केली, आणि चॅटमच्या विमानतळावर तिच्या स्मरणार्थ एक फलकही लावला गेला. 1987 मध्ये वन्यजीव सेवा बरखास्त होऊन तिचे काम नव्या संवर्धन खात्याकडे आले. 1989 मध्ये पक्ष्यांची संख्या शंभराच्या घरात पोहोचली. मॅसी विद्यापीठाने पुढे मर्टनला मानद डॉक्टरेट दिली.

बहुतेक लेखक ही कथा येथे संपवतात. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण खात्याचे खरे कसब त्यात पणाला लागले. 1984 मध्ये एका मादीने अंडे घरट्याच्या वाटीत न घालता काठावर घातलेले आढळले. काठावरचे अंडे उबवले जात नाही. ते निसर्गाच्या हिशेबात वायाच जाते. पण एकेका अंड्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या माणसांनी ते वाया कसे जाऊ द्यावे? त्यांनी बोटाने अलगद ते आत लोटले. पुढच्या हंगामात तसेच दुसरे, त्यापुढे आणखी, आणि दर वेळी कोणी ना कोणी ते आत सारत गेले. ती खोड वंशपरंपरेने उतरणारी होती; लोटलेल्या अंड्यांतून निघालेल्या माद्यांनी ती पुढे नेली, आणि 1989 पर्यंत अर्ध्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या होत्या. बोट मागे घेतले नसते तर एक दिवस असा आला असता की, या पक्ष्याची सारी प्रजा सरकारी नोकराच्या बोटावाचून जन्मच घेऊ शकली नसती. खात्याने ते बोट मागे घेतले. काठावरची अंडी काठावरच राहिली आणि कुजली. सुमारे वीस वर्षांनी अशा माद्यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवर आले होते. मेलानी मॅसारो आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये या प्रकरणाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जी चूक कोणाच्याही निष्काळजीपणातून नव्हे, उलट अतिदक्षतेतून झाली होती, तिची नोंद उजेडात येऊ शकली, ती अर्थातच खात्याच्या माणसांनी घरट्यागणिक टिपणे ठेवली होती म्हणून.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तर संबंध थेट आहे. आपल्या सोलापूरनजीक नान्नजच्या माळावर 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, आणि आज तेथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. केंद्र सरकारचा पर्यावरण विभाग, राजस्थानचे वनखाते आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2019 पासून जैसलमेरच्या वाळवंटातून माळढोकाची अंडी गोळा करून सम येथील केंद्रात यंत्राच्या उबेने पिल्ले वाढवण्याचे काम चालवले आहे. अंडे उचलल्यावर मादी पुन्हा घालते, हा चॅटमचाच हिशेब तेथेही उपयोगी पडतो. आणि सशांच्या बंदोबस्ताला आणलेल्या स्टोटची आठवण व्हावी असा योगही तेथे आहे: ज्या सरकारची एक शाखा अंडी उबवते त्याच सरकारच्या दुसऱ्या शाखेच्या उत्तेजनाने उभ्या राहिलेल्या सौर व पवन प्रकल्पांच्या वीजतारांवर ते अवजड पक्षी आदळून मरतात. तारा जमिनीखाली घाला असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला, आणि 2024 मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. फरक आहे तो मनुष्यबळाचा. आपल्याकडे वनखात्याचा अधिकारी बदलीच्या हुकुमाने जातो-येतो आणि जीवशास्त्रज्ञ बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरता कंत्राटावर असतो. मर्टनसारखा एकाच कामात दशकेच्या दशके मुरलेला माणूस या व्यवस्थेत तयार व्हावा तो कसा?

चॅटमची स्थितीही निर्वेध नाही. आज तेथे अडीचशे ते तीनशे काळे रॉबिन आहेत, त्यांतले बहुतेक रांगाटिरावर आणि थोडे मँगेरेवर. एका जोडप्यापासून झालेल्या या वंशात आनुवंशिक वैविध्य जवळजवळ नाहीच. रोगाची एक साथ किंवा उंदरांची एक होडी रांगाटिराला पुरेशी आहे, म्हणून पिट बेटावर कुंपण घालून तिसरी वसाहत करण्याचा यत्न या शतकाच्या आरंभी झाला, पण सोडलेले पक्षी तेथे टिकले नाहीत. मर्टन 2011 मध्ये वारला. रांगाटिरावर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पिशव्या, बुटांचे तळवे आणि खोक्यांचे कानेकोपरे, एखादा उंदीर किंवा बी लपले आहे काय हे पाहण्यासाठी, निघण्यापूर्वी तपासावे लागतात, आणि ही झडती खात्याच्या माणसांनाही चुकत नाही.