मेथचं व्यसन : शिक्षक-पालकांनी काय जाणून घ्यावं?



"असलं काय ते मुंबई-पुण्याकडं, आपल्यात नाही," असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. पण एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्याच चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून १८ टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केलं. इफेड्रिन सर्दी-दम्याच्या औषधांत वापरतात. मेथॅम्फेटामाइन, म्हणजे 'मेथ' किंवा 'आईस', याचाही तो कच्चा माल.

मेथ घेतल्यावर मेंदूत डोपामाइन एकदम वाढतं. झोप-भूक उडते, माणूस दोन-दोन दिवस जागतो, मग गळून पडतो, उगाच संशय घेऊ लागतो. अफूजन्य नशेसाठी पर्यायी औषधं आहेत. मेथसाठी तसं मान्यताप्राप्त औषध अजून नाही, म्हणून उपचाराचा मोठा भार समुपदेशनावर आणि आजूबाजूच्या माणसांवर येतो.

ही माणसं उभी कशी करायची, ते पुण्याच्या मुक्तांगणाकडून शिकावं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तेव्हा झुंज गर्दशी होती. रीत मात्र आजही तीच लागते. व्यसनातून सुटलेलेच नव्यांना हात देतात, बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, घरी गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. मला हा पाठपुरावाच जास्त मोलाचा वाटतो, कारण या आजारात पुन्हा घसरणं होतंच.

मुलगा रात्र-रात्र जागतोय, घरातले पैसे कमी होतायत, जुने मित्र तुटलेत? लगेच मारझोड नको. (कारण नुसता मोबाईलही असू शकतो!) आधी शांतपणे विचारा. शंका राहिलीच तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाईनवर घरच्यांनाही बोलता येतं, फोन मोफत आहे.