जुना संगणक व त्यावरील ब्राउझर

संगणक चालू होतो, पडदा उजळतो, कळफलकही काम देतो. मग बँकेचें पान कां उघडत नाहीं, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. मुलाच्या शिक्षणासाठीं दहाबारा वर्षांपूर्वीं घेतलेलें यंत्र, मुलगा नोकरीस लागल्यावर घरच्या कारभाराकडे आलें, आणि त्यावरच उतारे, पीककर्जाचा हिशेब व बँकेचें खातें पाहिलें जाऊं लागलें. अशा यंत्राची स्थिति काय आहे, हें जमीनधारकांनीं नीट समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

संगणकांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, यंत्र चालविणारी मूळ प्रणाली. बहुतेकांकडे ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. दुसरी, इंटरनेटवरील पानें उघडून दाखविणारा ब्राउझर. उदाहरणार्थ, गूगलचा क्रोम किंवा मोझिलाचा फायरफॉक्स. ब्राउझर हा प्रणालीच्या आधारावर उभा असतो. प्रणालीच्या कर्त्यानें तिची दुरुस्ती थांबविली म्हणजे कांहीं काळानें ब्राउझरचा कर्ताही तिच्यासाठीं नवी आवृत्ति काढणें सोडतो. शेवटची आवृत्ति यंत्रावर राहते व चालतेही. परंतु पुढें तिच्यांत जीं छिद्रें सांपडतात तीं बुजविलीं जात नाहींत. शिवाय, नव्या आवृत्तींत काय दुरुस्त झालें हें पाहून जुनींत काय उघडें राहिलें हें चोरांस आयतेंच कळतें.

हा क्रम दोनदा स्पष्ट दिसून आला आहे. विंडोज एक्सपी २००१ सालीं निघाली. तिची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली आणि क्रोमनें तिला एप्रिल २०१६ मध्यें सोडलें. विंडोज ७ ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीं संपली, व २०२३ च्या आरंभीं निघालेली क्रोमची १०९ वी आवृत्ति तिच्यासाठीं शेवटची ठरली. फायरफॉक्सनें आपली ११५ वी आवृत्ति जुन्या यंत्रांसाठीं त्यानंतरही राखली, हें त्या संस्थेस भूषणावह आहे. म्हणजे दोन्ही वेळीं दोनतीन वर्षांची सवड मिळाली. विंडोज १० ची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊं केली गेली. त्या दिवशीं ब्राउझर बंद पडले नाहींत, म्हणून कांहींच घडलें नाहीं असा पुष्कळांचा समज झाला. सवड ही तयारीसाठीं असते, हें महसुलाचे हप्ते भरणाऱ्यांस सांगावयास नको.

पान न उघडण्याचें कारण मात्र दर वेळीं एकच नसतें. बँकेचें किंवा सरकारी पान उघडतांना ब्राउझर त्या संकेतस्थळाचें प्रमाणपत्र तपासतो; दस्तावरील शिक्का पाहून मगच नोंद घ्यावी तसें. खरे शिक्के कोणते याची यादी यंत्रांत असते, आणि शिक्क्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं असा एक फार प्रचारांतला मूळ दाखला संपला, तेव्हां यादी जुनी राहिलेल्या कित्येक यंत्रांवर चांगलीं संकेतस्थळें एकाएकीं अविश्वसनीय दिसूं लागलीं. कधीं दोष याहून क्षुल्लक असतो. संगणकाच्या पोटांत घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली म्हणजे यंत्र भलतीच जुनी तारीख धरतें, आणि मुदतींतलें प्रमाणपत्रही त्यास लागू वाटत नाहीं. दुकानदार नवें यंत्र घ्या म्हणूं लागला, तर आधीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहावी. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर इशारा डावलून पुढें जाऊं नये. बँकेच्या पानावर तर कधींच नाहीं.

सातबाऱ्याविषयीं एवढें सांगितलें पाहिजे, कीं नुसता पाहण्यासाठीं मिळणारा उतारा कायदेशीर कामीं चालत नाहीं. त्यासाठीं शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. शुल्क आलें म्हणजे बँकेचा संबंध आला. तेव्हां दुरुस्ती थांबलेल्या यंत्रावरून तो काढूं नये. सेवा केंद्रांतून किंवा घरांतील नव्या फोनवरून काढावा. फोनही अमर नव्हे. क्रोमची २०२५ सालची १३८ वी आवृत्ति अँड्रॉइड ८ व ९ साठीं शेवटची होती.

आतां जुन्या यंत्राचें काय करावें? विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते. ती नाहीं म्हणून पुष्कळ धडधाकट संगणक वगळले गेले. माझ्या मतें हा ग्राहकांवर अन्यायच आहे. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालतां येते. उबुंटू, डेबियन व मिंट हीं तिचीं प्रसिद्ध रूपें. त्यांवर चालू ब्राउझर मिळतो व मराठी लिहितांही येतें. मात्र विंडोजसाठीं केलेला हिशेबाचा प्रोग्रॅम त्यांवर चालेलच असें नाहीं, आणि अतिजुन्या ३२-बिट यंत्रांस बहुतेकांनीं वगळलें आहे. हें न जमल्यास यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जमाखर्चासाठीं ठेवावें. प्रणाली बदलतांना आंतील सर्व कागद पुसले जाण्याचा संभव असतो. म्हणून उतारे, पावत्या व छायाचित्रें आधीं दोन ठिकाणीं उतरून घ्यावीं, आणि तीं दुसऱ्या यंत्रावर उघडतात हें पाहिल्यावरच जाणत्या माणसाच्या हातीं संगणक द्यावा.