सकाळची ती खडखड

आमच्या घरी सकाळी सातचे आवाज ठरलेले असतात. कुकरची शिट्टी, नळाला आलेलं पाणी आणि ह्यांनी दारात गाडी चालू केल्याची घरघर. गेल्या थंडीत त्यात एक नवाच आवाज मिसळला. सेल्फ मारला, की पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे हलवावेत तशी खडखड! क्षणभर व्हायची आणि थांबायची. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "अगं, दहा वर्षांची गाडी आहे, थंडीत कुरकुरणारच. तुझेच कान फार तिखट!"

पंधरा दिवसांत ती खडखड सात-आठ सेकंद टिकू लागली. पोळ्या लाटता लाटता मी मनात अंक मोजत असे. त्यातच भाच्याची मुंज आली. कराडहून चिपळूणला जायचं, म्हणजे वाटेत कुंभार्ली घाट. गाडीत सासूबाई आणि दोन्ही मुलं. मी सरळ सांगितलं, "गाडी दाखवल्याशिवाय मी बसणार नाही."

मैत्रिणींनो, हा आवाज टायमिंग चेनचा होता. ती काय करते हे समजायला आपलं शिलाई मशीन आठवा. सुई खाली जाऊन वर उठू लागते त्याच क्षणी खालच्या शटलनं दोरा पकडायचा असतो. जरा मागेपुढे झालं की टाका सुटतो, नाहीतर सुई मोडते. इंजिनातही तसंच. खाली पिस्टनच्या जोरावर फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ ही चेन राखते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एक व्हायला हवा.

चेन सैल पडू नये म्हणून तिला टेन्शनर दाबून धरतो आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे गाइड, तिला वाट दाखवतात. बऱ्याच गाड्यांत टेन्शनरला जोर मिळतो तो इंजिन ऑइलच्या दाबामुळे. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना ऑइल वर पोचेपर्यंत सैल चेन आपटते. ऑइल कमी असेल, वेळेवर बदललं नसेल, चुकीच्या ग्रेडचं असेल किंवा फिल्टर हलका असेल, तर आवाज लांबतो. चेनच्या कड्यांच्या पिना झिजल्या की तीही लांबते. "चेन ताणली" म्हणतात ती खरं तर ही झीज.

दुर्लक्ष केलं तर? सैल चेन दातावरून घसरते. मग गाडी लवकर चालू होत नाही, झटके देते, चढावर दम सोडते. बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात. मग चेनचं काम राहतं बाजूला आणि इंजिनच उघडावं लागतं.

घरी काय पाहाल?

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच थोडं थोडं घाला. वरच्या खुणेपलीकडे नको.

मग सकाळी पहिल्यांदा चालू करताना आवाज ऐका. "चीं चीं" असेल तर बहुधा बाहेरचा पट्टा. वरच्या बाजूनं एकसारखी "टिकटिक" असेल तर व्हॉल्व्हची. गाडीखालून पत्रा थरथरत असेल तर सायलेन्सरचं झाकण. इंजिनच्या एका टोकाच्या कव्हरआडून खडखड येत असेल आणि ती दिवसेंदिवस लांबत असेल, तर चेनचा संशय धरा. ऐकताना पदर, ओढणी, वेणी सांभाळा. पंखा आपोआप सुरू होतो.

काही गाड्यांत चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो असा खडखडून सांगत नाही. तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदलायचाच.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

आमच्या पहिल्या मेकॅनिकनं ऑइल बदललं. आवाज तसाच राहिला, तर म्हणाला, "औषध टाकू, जाईल." आम्ही दुसरीकडे गेलो. त्या वयस्कर मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरला लावलं, मूठ कानाशी धरली आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे." कव्हर उघडलं तेव्हा गाइडचा तुकडा उडालेला होता!

असं काम निघालं तर एकटी चेन बदलू नका. चेन, टेन्शनर, गाइड आणि दातेरी चाकं असा संच एकदमच बदलावा. उघडझापीची मजुरी दोनदा पडत नाही. सोबत सील, गॅस्केट, नवं ऑइल आणि फिल्टर. खुणा जुळवल्यावर सेल्फ मारण्याआधी इंजिन हातानं दोन फेरे फिरवून त्या पुन्हा तपासल्या का, हे जरूर विचारा. जुने भाग मागून घ्या.

काम तीन दिवसांचं होतं. मुंजीला आम्ही एस.टी.नं गेलो. घाट उतरताना सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं हट्ट धरलास."

आता सकाळी सेल्फ मारला की हे खिडकीकडे बघून विचारतात, "ऐक गं जरा, ठीक आहे ना?"