घोटभर माणुसकी
नांदेडहून माझी लातूरला बदली झाली, अन् २०१६ चा तो उन्हाळा आला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तरी टँकरपुढच्या रांगा संपेनात. त्यापायी ऑफिसातल्या मावशींना रोज उशीर व्हायचा. मॅडमनी कधी लेटमार्क लावला नाही. मावशी येईपर्यंत टेबलं आम्हीच पुसायचो.

एके दिवशी मावशींनी माझ्यापुढं पाच लिटरचा भरलेला कॅन ठेवला.

"तुम्ही एकट्या. तुमच्यासाठी रांगेत कोण उभं राहणार, ताई?"

मला बोलवेना.

आता मी नांदेडला परतलेय. कुणी उशिरा आलं, की घड्याळाकडं बघण्याआधी विचारते, "घरी सगळं ठीक ना?" मैत्रिणींनो, तुम्हीही विचारून बघा.