जोत्याखालचे घर

ग्रामीण महाराष्ट्रात घरासाठीची जमीन कायद्याच्या नजरेत तीन प्रकारची असते : गावठाणातली, बिगरशेती झालेली आणि अजून शेतीचीच असलेली. गावठाण म्हणजे वस्तीसाठी महसूल दप्तरात राखलेली जागा. तिथे बिगरशेतीचा प्रश्न येत नाही, पण मालकी सिद्ध करण्याचा येतो. अनेक गावठाणांची मोजणी पिढ्यानपिढ्या झालीच नव्हती. घरमालकाच्या हाती असे तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि तो कर आकारणीच्या नोंदवहीचा असतो. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे एवढेच त्यातून कळते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने हे काम गावोगाव पोचू लागले. मोजणी पुरी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मिळते. जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधायचे असेल तर पहिल्यांदा ही पत्रिका काढावी. तिच्यावर आजोबांचे किंवा चुलत्यांचे नाव असेल तर वारसनोंद आधी, खोदाई नंतर.

शेतजमिनीची वाट लांबची आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाडा आणि विदर्भासाठी कायदे वेगळे असले तरी तत्त्व तेच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचा व्यवहार अडवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीत २० गुंठे आणि बागायतीत १० गुंठे ठरले. शहरालगतच्या गावांत रस्त्याकडेच्या शेताचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून नोटरी केलेल्या कागदावर विकले जातात. अलीकडच्या दुरुस्त्यांनी काही व्यवहारांना वाट दिली आहे, पण नोंदणीकृत खरेदीखताशिवाय दिलेल्या पैशाने घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. आयुष्याची पुंजी अशा कागदावर लावू नये.

सातबारा वाचताना नजर नावावर आणि क्षेत्रावर थांबते. ती ‘इतर हक्क’ या रकान्यापर्यंत गेली पाहिजे. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, बहिणींची नावे तिथे सापडतात. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे स्वतंत्र संरक्षण आहे. उताऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार काढले की जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते कळते. बिगरशेतीची परवानगी १९६६ च्या महसूल संहितेतून येते. कलम ४२ ला नंतर जोडलेल्या पोटकलमांमुळे विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी ही वाट पुष्कळ सोपी झाली.

खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि ‘क’ प्रत हाती येते. सुगी उरकून रान मोकळे झाले की हे काम नीट होते. बांध दर नांगरटीला थोडाथोडा सरकलेला असतो, म्हणून डोळ्यांना दिसणारी हद्द आणि नकाशातली हद्द यांत हात-दोन हातांचा फरक निघणे नेहमीचेच. हा फरक शेतात खपतो. भिंत बांधल्यावर मात्र त्यातून दावा उभा राहतो.

रस्त्याकडे घाईत दुर्लक्ष होते. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशात अशी वाट नसेल आणि लोक शेजाऱ्याच्या बांधावरून जात असतील, तर ती केवळ वहिवाट. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याने तहसीलदारांकडे दाद मागता येते. तरीही बैलगाडीपुरता रस्ता घराला पुरत नाही. खडी-सिमेंटचा ट्रक, बोअरची गाडी आणि पुढे कधी सेप्टिक टाकी उपसणारा टँकर, ही सगळी वाहने जाग्यावर पोचली पाहिजेत, आणि तीही पावसाळ्यात.

कागद आणि वाट जमली की भूगोल तपासायचा. नदीकाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. जिथे रेषा आखलेल्या नाहीत तिथे म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठवर आले होते ते विचारावे. सांगली-कोल्हापूर भागात २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा जुन्या भिंतींवर आहेत. डोंगरउतारावर धोका वेगळा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. घरासाठी उतार आडवा कापून सपाटी काढली, वरची झाडे तोडली आणि पाण्याला वळण दिले नाही, तर मुरलेले पाणी मातीचा थर खडकावरून सुटा करते. घराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी ओढ्याकडे काढणे हे अशा जागी पहिले बांधकाम. कोकण किनाऱ्यावर यांशिवाय किनारपट्टी नियमनाची रेषा पाहावी लागते. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्रात मोडतो.

सगळ्यांत कमी लक्ष मातीकडे दिले जाते, आणि तिथेच घर बिघडते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टचा. तो कुजून झालेली काळी माती कापसाला उत्तम, पायाला वैरी. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानाला पडणाऱ्या हातभर भेगा याच खनिजाने पडतात. घराखालची माती पावसाच्या झडीने कडेला भिजते, मधे कोरडी राहते, आणि दरवर्षीच्या या उचलखालीने खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. गिलावा बदलून ती चीर बुजत नाही.

म्हणून नकाशा काढण्याआधी घराच्या जागी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. जेसीबीचे ते थोडक्या वेळाचे काम आहे. मातीचा फुगवटा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साध्या चाचणीने कळतो. १० ग्रॅम चाळलेली कोरडी माती एका मापनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही उंचींतला फरक म्हणजे फुगवटा. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती जोखमीची. काळी माती चार-पाच फुटांत संपत असेल तर ती पूर्ण काढून पाया मुरमावर बसवावा. याहून खोल असेल तर पायाखाली मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा आणि सगळे खांब जोत्याच्या पातळीवर प्लिंथ बीमने बांधून घ्यावेत. फारच खोल रानात रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगा असलेले पाइल वापरतात. ते हंगामी ओलाव्याच्या थराखाली, साधारण साडेतीन मीटरवर भार नेऊन टेकवतात.

यात एक चूक गावोगाव दिसते. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती वाहून नेण्याचा खर्च वाचवण्यासाठी जोत्यातच भरली जाते. दोन पावसाळ्यांत फरशी मधे उचलते आणि दारे घासू लागतात. जोत्यात मुरूमच हवा, आणि घराभोवती तीन-चार फुटांची, बाहेर उतार दिलेली फरसबंदी हवी, म्हणजे पाणी पायालगत मुरत नाही. कोकणात जांभ्यावर हा त्रास नाही. मराठवाड्यात दुसराच इतिहास आहे : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या वजनाखाली. जोता, खिडक्यांवरची पातळी आणि छत, या तीन ठिकाणी सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी घराला बांधून ठेवते. एकूण खर्चाच्या मानाने ती महाग नाही.

पाण्याचा विचार घराच्या आधी व्हावा, कारण बांधकामालाच भरपूर पाणी लागते. बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. कातळ अखंड लागला तर तीनशे फूट गेले तरी बोअर कोरडी जाते, आणि शंभर फुटांवर भेग सापडली तर ती वर्षभर चालते. पाणाड्याने दाखवलेल्या जागेपेक्षा आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी जास्त भरवशाची. राज्याच्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आहेत आणि ६० मीटरहून खोल विहिरीही नियमनाखाली येतात. गावाची नळयोजना वस्तीपर्यंत आली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारावे; जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटरचे आहे.

पाणी लागले म्हणजे ते पिण्याजोगे आहे असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड आहे. पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. खारे पाणी घरालाही बाधते. सळईच्या काँक्रीटमध्ये लिटरला ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइडचे पाणी वापरले तर सळई आतून गंजते.

जिथे भूजल भरवशाचे नाही तिथे छतावरचे पाणी हिशोबात धरावे. १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारे वजा करून सुमारे ४८,००० लिटर मिळतात. तेवढी मोठी टाकी परवडत नाही, पण पिण्या-रांधण्यापुरते माणशी १० लिटर धरले तर १०,००० लिटरची टाकी पाच जणांना २०० दिवस पुरते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची तोटी आणि झाकलेले तोंड या दोन गोष्टी त्यात हव्यात.

सांडपाण्याची जागा विहिरीच्या जागेबरोबरच ठरवायची असते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. भेगाळ खडकात हे अंतर आणखी वाढवावे, कारण तिथे पाणी गाळले न जाताच पळते. पाच माणसांच्या घराला दोन खड्ड्यांचे शौचालय सेप्टिक टाकीपेक्षा स्वस्त आणि अधिक सुरक्षित. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवायचा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातले निर्धोक खत होते. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू शिल्लक असतात, म्हणून ते उघड्या गटारीत न सोडता शोषखड्ड्यात मुरवावे लागते. खोल काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो. तिथे तो मुरमापर्यंत न्यावा आणि मोरीचे पाणी केळी-अळूच्या वाफ्याकडे वळवावे.

विजेचे काम तुलनेने सरळ आहे. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ मागणाऱ्याला पुरवठा देण्याचे बंधन वितरण कंपनीवर घालते, पण खांब लांब असेल तर वाहिनी वाढवण्याचा खर्च आणि वेळ वाढतो. शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवू नये. ती सवलतीच्या दराची असते, हा वापर अनधिकृत ठरतो आणि तिचा पुरवठा पाळीने येतो. वरून ११ केव्हीची तार जात असेल तर घरापासून आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर राखावे. अर्थिंग ओलसर काळ्या मातीत सहज लागते, मुरमाड माळावर खोल न्यावे लागते. छतावर सौर संच बसवायचा असेल तर २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले.

बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली मागायची असते. अर्जाला मालकीचा उतारा, ‘क’ प्रत आणि नकाशा जोडावा. क्षेत्र आणि प्रादेशिक योजनेतला विभाग यांवरून प्रकरण नगररचना कार्यालयाकडे जायचे की नाही ते ठरते. गृहकर्ज काढायचे असेल तर बँक हीच कागदपत्रे मागते, म्हणून ती पाया खोदण्याआधी मिळवलेली बरी.

ही कामे ऋतूप्रमाणे लावली तर खर्च वाचतो. दिवाळीनंतर रान मोकळे झाले की मोजणी, हिवाळ्यात कागदपत्रे आणि मातीची चाचणी, मे महिन्यात विहिरीची पातळी पाहून बोअरचा निर्णय, आणि पावसाआधी रस्ता व मुरमाचा भराव. भरावाने एक पावसाळा खाल्ला की तो बसतो. पुढच्या दसऱ्याला त्यावर पायाची आखणी घ्यावी.