पडदा काळा, काम चालू

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपचा पडदा दिवसभर काळा असतो. टीममध्ये नवीन आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "बंद पडलाय का?" बंद पडलेला नसतो. माझ्या सहकाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे पडद्याचा त्याला उपयोग नाही. काळा ठेवला की मागून जाणाऱ्याला त्याचे मेल वाचता येत नाहीत, एवढंच. कानात इअरफोन, बोटं साध्या कीबोर्डवर, आणि कोड लिहिणं चालू.

कीबोर्ड साधा असतो, हे मुद्दाम लिहितो आहे. अंध प्रोग्रामर ब्रेलच्या खास कीबोर्डवर काम करतो किंवा तोंडाने कोड सांगतो, असं पुष्कळांना वाटतं. टायपिंग नीट शिकलेला कुणीच कीबोर्डकडे बघत नाही, तसाच तोही बघत नाही. ठिपके वर-खाली होऊन बोटांखाली ब्रेलची ओळ उमटवणारं यंत्र असतं, पण ते प्रामुख्याने वाचण्यासाठी आणि बरंच महाग. त्यामुळे अनेकांचं सगळं काम कानावर चालतं.

"पण ऐकून कोड कसा कळणार? त्यात पायथॉन, म्हणजे सगळा खेळ मोकळ्या जागांचा!" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. चार जागा सोडून लिहिलेली एक साधी ओळ घ्या : गुण ३५ किंवा जास्त असतील तर पुढचं काम कर. स्क्रीन रीडर ती अशी वाचतो : "फोर स्पेस, इफ मार्क्स ग्रेटर इक्वल्स थर्टी फाइव्ह कोलन." एकही चिन्ह गाळलेलं नाही. गोष्ट वाचताना स्वल्पविराम ऐकायचे नसतात, कोड वाचताना एक कोलन सुटला तर तास जातो. म्हणून चिन्हं किती वाचायची याची पातळी एका शॉर्टकटने बदलता येते. ओळीच्या सुरुवातीची जागा शब्दांऐवजी सुरांतूनही ऐकता येते : ओळ जितकी आत, तितका सूर वरचा. मागच्या ओळीइतकीच जागा असेल तर आवाज येतच नाही, बदल झाला तरच येतो. आवाजाचा वेग सरावाने इतका वाढवतात की मी पहिल्यांदा त्याचा इअरफोन कानाला लावला तेव्हा मला एक शब्दही लागला नाही.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. आपण डोळ्याने अख्खं पान एका झटक्यात चाळतो, कान एका वेळी एकच ओळ घेतो. त्यामुळे उडी मारण्याची सोय असलेला एडिटर लागतो. व्हीएस कोडमध्ये एफ ८ दाबलं की पुढच्या चुकीवर जाता येतं, एफ १२ ने व्याख्येवर. चूक किंवा ब्रेकपॉइंट असलेल्या ओळीवर पोहोचलं की छोटा आवाज होतो. दिसणाऱ्यांना लाल नागमोडी रेघ जे सांगते, तेच तो आवाज सांगतो.

"ही साधनं कुणीतरी त्यांच्यासाठी बनवून देतं," हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. जॉज हा स्क्रीन रीडर टेड हेंटर या अंध प्रोग्रामरच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी आणला. फुकट मिळणारा एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी लिहायला घेतला आणि जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. त्याचा बराचसा कोड पायथॉनमध्येच आहे! आणि टी. व्ही. रामन तर पुण्यात जन्मलेले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग मुंबईची आयआयटी, मग कॉर्नेल. १९९४ मधला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध गणिती मजकूर आवाजातून कसा समजावा याबद्दल होता. पुढच्याच वर्षी त्यांनी इमॅक्सपीक प्रसिद्ध केलं. पडद्यावर काय दिसतं ते नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा इमॅक्स या एडिटरलाच थेट बोलतं करावं, हा त्यांचा विचार होता. पुण्यातल्या किती कॉम्प्युटर विभागांत हे नाव मुलांना सांगितलं जातं?

"टर्मिनल म्हणजे नुसता मजकूर, तिथे काही त्रास नसणार." हे अर्धंच खरं. गोल फिरणारी खूण किंवा सरकणारी टक्केवारी पडद्यावर गोंडस दिसते, पण ती दर क्षणाला बदलते आणि स्क्रीन रीडर दर क्षणाला काहीतरी बडबडत राहतो. रेघांनी आखलेले तक्तेही तसेच. साधा, सजावट नसलेला आउटपुट देणारा एक पर्याय ठेवला तर हे टळतं.

मीटिंगमधल्या स्क्रीन शेअरचा तर विचारच कुणी करत नाही. समोरच्याकडे जातं ते फक्त चित्र, त्यात वाचता येण्यासारखं एक अक्षर नसतं. "इथे बघा, ही ओळ" म्हटलं की माझा सहकारी चर्चेतून बाहेर पडतो. मी आता फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर सांगतो. तो आपल्याच मशिनवर ती उघडतो आणि अनेकदा माझ्या आधी चूक पकडतो.

एआयने हे सगळं सुटेल असंही ऐकतो. पडद्याचं वर्णन ते करतं खरं, पण वर्णन चुकलं तर ते ताडून बघायचा मार्ग अंध माणसाकडे नसतो. पडद्यावरच्या बटणाला कोडमध्येच नाव देणं त्यापेक्षा खूप सोपं आणि खात्रीचं.

एकदा करून बघा. एनव्हीडीए उतरवून घ्या, माउस बाजूला ठेवा आणि स्वतः बनवलेल्या पानावर टॅब दाबत जा. आमच्या पानावर मी हे केलं तेव्हा ऐकू आलं : "बटन. बटन. बटन." तीन सुंदर चित्रं, नाव एकालाही नाही. प्रत्येकाला एकेक एरिया लेबल, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं नाव, दिलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. आता पहिलं बटण "जतन करा" असं बोलतं.