सांगणारा कुठे उभा आहे?

२९ ऑगस्ट २०२३ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथं झालेल्या पोलिसांच्या लाठीमारानंतर दूरदूरचे वार्ताहर या गावात येऊ लागले. उपोषणाच्या मंडपात मराठीत बोललेलं इंग्रजी बातमीत न्यायचं, हे त्यांच्यातल्या कित्येकांचं रोजचं काम. दहावीचं पोर इंग्रजीतलं ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ सोडवतं, म्हणजे कुणाचं बोलणं आपल्या वाक्यात सांगतं, तेव्हा तेही हेच करत असतं. वर्गात हे आधी सांगायला हवं.

नमुन्याला एक वाक्य घेऊ. मंडपातला शेतकरी म्हणतो, “मी उद्या इथं बसेन.” मराठीत आपण ‘मी’ला हात न लावता हे पुढे सांगतो: तो म्हणाला की मी उद्या इथं बसेन. कोण बसणार, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पण इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल सिट हिअर टुमॉरो’ लिहिलं की बसणारा वार्ताहर ठरतो! मराठी मुलांची चूक बहुतेक वेळा इथंच होते. म्हणून शब्दबदलांचा तक्ता पाठ करण्याआधी विचारावं: सांगतंय कोण, कुठून आणि केव्हा?

वार्ताहराने त्याच संध्याकाळी गावातूनच बातमी दिली, तर ‘ही सेड ही वुड सिट हिअर टुमॉरो’ अगदी बरोबर. आठवड्याने मुंबईतून लिहिलं, तर ‘ही सेड ही वुड सिट देअर द नेक्स्ट डे’. ‘हिअर’चं ‘देअर’ झालंच पाहिजे, हा गाइडमधला नियम अर्धाच खरा आहे. परीक्षेत मात्र सांगणारा दुसऱ्या जागी, नंतरच्या दिवशी आहे असं धरतात. तिथं बदल करावा.

‘विल’चं ‘वुड’ होतं ते ‘सेड’ भूतकाळी असल्यामुळे. ‘ही सेज’ असेल तर ‘विल’ तसंच राहतं.

प्रश्नापाशी जरा थांबावं लागतं. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ याचं ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’ होतं. ‘डू’ जातो, कर्ता क्रियापदाच्या आधी येतो आणि प्रश्नचिन्हही उरत नाही, कारण आता कुणी विचारत नाही, विचारल्याचं सांगतंय. हो-नाहीच्या प्रश्नात ‘इफ’ घालायचा. आज्ञेत तर काळाचा प्रश्नच नाही: ‘सिट डाउन’चं ‘ही टोल्ड मी टू सिट डाउन’.